हिराबाईच्या खात्यावरचा नंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही. लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्याला मी अकरावीतलं प्रेमप्रकरण सांगितलं, अकाउंटच्या पेपरात केलेली कॉपी सांगितली, आणि हे मात्र गिळून टाकलं. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा आता ते एकटीने सांभाळायचा कंटाळा आला म्हणूनही असेल — मला खरंच नीट सांगता येत नाही.

अफरातफर वगैरे नाही हं. बँकेतली गोष्ट म्हटली की लोकांचे कान लगेच टवकारतात. एक रुपयाही मी इकडचा तिकडे केलेला नाही. तसं काही केलं असतं तर निदान कुणी पकडलं तरी असतं.

मी तळा गावची. घरी भातशेती, वडील कारखान्यात. पनवेलला बँकिंगच्या पदवीला होते आणि दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप करणं सक्तीचं होतं. वर्गातल्या मुलींनी काका-मामांना कामाला लावून मुंबईत एसीवाल्या इमारतींत जागा पटकावल्या. माझे मामा रोह्याला रिक्षा चालवतात. त्यामुळे मला मिळाली मुरुडच्या बाजूची एक लहानशी शाखा. तळा आणि मुरुड म्हटलं तर एकाच जिल्ह्यातले, पण मध्ये खाडी आणि डोंगर. रोज जाऊन-येऊन करणं शक्य नव्हतं. एका लॉजच्या मागे, नारळाच्या वाडीत, खोली घेतली. शनिवार-रविवार पर्यटकांचा गोंगाट, आणि सोमवारपासून नुसता झावळ्यांचा आवाज. पहिल्या आठवड्यात मी आईला फोनवर सांगायचे, इथे खूप मजा येते. हेही खोटंच, पण ते सगळेच आईला सांगतात.

शाखेतली माणसं वाईट नव्हती. पण इंटर्न म्हणजे धड स्टाफही नाही आणि धड ग्राहकही नाही. मला त्यांनी पासबुक छापायच्या मशीनशेजारी एक टेबल दिलं आणि मग बहुतेक विसरले. दुपारी सगळे आतल्या खोलीत डबे उघडून एकत्र जेवायचे. पहिल्या दिवशी मला कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "ये की गं." तर मी म्हटलं, माझं झालंय. झालेलं नव्हतं. पण मला राग आला होता — काल का नाही बोलावलं? असा माझा स्वभाव. एकदा फुगून बसले की मलाच माझी समजूत काढता येत नाही. त्यानंतर मी रोज शाखेच्या मागच्या पायरीवर एकटीच डबा खायचे आणि जेवताना फोनमध्ये डोकं घालून बसायचे, म्हणजे कुणी पाहिलं तर वाटावं, हिला पुष्कळ मित्रमैत्रिणी आहेत.

हिराबाई मला तिथेच भेटली.

ती कोळीण. सकाळभर बाजारात मासे विकायची आणि बाजार उठला की थेट बँकेत यायची. ती आत शिरली की रांगेतली माणसं हळूच सरकायची. तिला ते कळायचं, आणि मला वाटतं, त्यात तिला गंमतही यायची. एकदा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कॅशियरला म्हणाली, "वास येतो ना? मंग मना पयली सोड, लाइन मोकली होईल." मी फिस्सकन हसले. तिने वळून पाहिलं. काम झाल्यावर मागच्या पायरीवर येऊन माझ्या शेजारी बसली आणि विचारलं, "जेवलीस का गो?"

तुम्हाला हसू येईल, पण त्या गावात येऊन इतके दिवस झाल्यावर मला हे विचारणारी ती पहिली. माझे डोळे भरून आले. मी पाण्याची बाटली शोधायच्या निमित्ताने खाली वाकले.

मग ते रोजचंच झालं. तिच्याकडे तांदळाची भाकर आणि त्यात तळलेला बोंबील असायचा. माझ्याकडे लॉजवाल्या काकूंची बटाट्याची भाजी. ती माझी भाजी चाखून तोंड वाकडं करायची आणि अर्धा बोंबील माझ्या डब्यात टाकायची. तिने मला मुलगा, सून, बोट, बाजारातल्या भांडणांचं सगळं सांगितलं. आणि दर्शनाचं सांगितलं. दर्शना तिची नात, लेकीची मुलगी. लेक वारली तेव्हापासून आजीकडेच. बारावीला होती, आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. मामाच्या मते बारावी म्हणजे पुष्कळ झालं. हिराबाईचं मत वेगळं होतं, म्हणून ती रोजच्या विक्रीतले थोडे थोडे बाजूला काढून या खात्यात टाकत होती. घरात कुणालाही पत्ता नव्हता. खातं बँकेने कधीतरी फुकट उघडून दिलं होतं, पासबुक ती बाजारातल्या बर्फाच्या पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची. मुलगा वाईट नव्हता, हे ती दर वेळी सांगायची. पण बोटीला सतत काहीतरी लागतं. "बोटीचा प्वाट कवा भरत नाय," ती म्हणायची. एकदा त्याला कळलं असतं, तर दर्शनाचं नर्सिंग इंजिनात गेलं असतं.

आता माझं काम काय होतं, ते सांगायला हवं. शाखेत मोहीम चालू होती — ज्या खात्यांना मोबाईल नंबर जोडलेला नाही त्यांना तो जोडायचा. माणूस आला की नंबर विचारायचा, कॉम्प्युटरवर टाकायचा, त्याच्या फोनवर आलेला कोड भरायचा, झालं. नंबर नसेल तर पुढे खातं अडेल, असं साहेबांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं आणि मी ते सगळ्यांना ऐकवायचे. हिराबाईकडे फोन नव्हता. घरातला फोन मुलाचा. तो नंबर दिला असता तर प्रत्येक भरण्याचा मेसेज त्याच्याच खिशात वाजला असता.

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुजाच टाक गो. तू काय माज्या पोराला सांगाला येनार हायस?"

मी टाकला. साहेब चहाला गेले होते. नियमात बसत नाही हे मला माहीत नव्हतं असं म्हणू का? नाही म्हणत. नक्की माहीत नव्हतं, पण साहेब परत यायच्या आत मी घाई केली. म्हणजे कुठेतरी माहीत होतंच. तिने माझ्याकडून एक वचन घेतलं — बँकेकडून काही आलं-बिलं तर मी तिला कळवायचं. कसं कळवायचं? त्याचीही तिने सोय करून दिली. बाजाराच्या तोंडाशी चहाची टपरी होती, त्या टपरीवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये घालून घेतला. त्याला फोन केला की तो हाक मारणार आणि ती येणार. इतकं सोपं. हे लक्षात ठेवा, कारण मला कळवायला मार्ग नव्हता असं मी कधीच म्हणू शकत नाही.

इंटर्नशिप संपली, मी पनवेलला परत आले. आणि मेसेज येऊ लागले.

बाजार उठल्यानंतरच्या वेळेला, दोन-तीन दिवसांआड, फोन टिंग वाजायचा. हिराबाईने पैसे भरले. हॉस्टेलमध्ये माझं कुणाशी फारसं जमलं नव्हतं. बाकीच्यांचे फोन दिवसभर वाजत, माझा फक्त हा एक. मुली चिडवायच्या, "आला गं हिचा मेसेज!" मी नुसती गालात हसायचे आणि फोन उलटा ठेवायचे. त्यांना वाटायचं, कुणीतरी मुलगा आहे. मी वाटू द्यायचे. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की मेसेज जवळजवळ बंद व्हायचे, एखादा सुक्या मासळीच्या विक्रीचा. मग नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा टिंग. आज जास्त भरले, म्हणजे पापलेट मिळालं असेल. चार दिवस काहीच नाही, म्हणजे आजारी आहे की काय? मी असे अंदाज बांधत बसायचे. मला ते सोबतीसारखं होतं.

आणि या सगळ्यात मी टपरीवर एकदाही फोन केला नाही. कशी आहेस, एवढं विचारायलाही नाही. एक बाई दर दोन-तीन दिवसांनी माझ्या हातातल्या फोनवर येऊन जात होती, आणि मला तिच्याकडून मिळत होतं ते पुरेसं होतं. आता लिहिताना कळतंय की खरी चूक तिथेच सुरू झाली. पुढचं जे झालं ते त्याचंच वाढलेलं रूप होतं.

शेवटचं वर्ष संपताच मला एका दुसऱ्या बँकेत नोकरी लागली. घरात पेढे वाटले. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रशिक्षण होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं की ग्राहकाच्या खात्याला स्वतःचा नंबर जोडणं हा गंभीर गुन्हा समजला जातो आणि असं निघालं तर नोकरी जाते, आधीच्या कामातलं निघालं तरी. सगळे निवांत लिहून घेत होते. मी पेन खाली ठेवलं. त्याच सुमारास हिराबाईच्या बँकेचा मेसेज आला. खात्याची कागदपत्रं जुनी झाली आहेत, शाखेत येऊन केवायसी करून घ्या, नाहीतर व्यवहार थांबतील. इंग्रजीत होता. मी वाचला. दुसऱ्यांदा आला, तोही वाचला. तिसरा आला — आता खात्यातून पैसे काढता येणार नाहीत.

काढता येणार नव्हते. भरता मात्र येत होते. नारळी पौर्णिमा झाली आणि दुपारचं टिंग पुन्हा सुरू झालं. ती भरत होती. मला ठाऊक होतं की ते बाहेर निघणार नाहीत, आणि ती भरत होती, आणि मी प्रत्येक मेसेज पाहून फोन उलटा ठेवत होते.

टपरीवर एक फोन केला असता तर? बँकेला काही कळायचं कारण नव्हतं. पण माझ्या डोक्यात एकच चक्र — ती शाखेत जाईल, म्हणेल त्या पोरीने सांगितलं, साहेब विचारतील कोण पोरगी, आणि माझं नाव निघेल. मी माझ्या मनाला सांगितलं, तिला कॅशियर सांगेलच. कुणीतरी सांगेलच. हे कुणीतरी म्हणजे कोण, तुम्हाला माहीत आहे का? मला तर तो माणूस कधी भेटलेला नाही.

आता ते सांगायचं आलंय.

कामाचा दिवस होता, जेवणाची सुट्टी. मी आमच्या शाखेत डबा घेऊन बसले होते, सगळ्यांच्या बरोबर. आता मला बोलावत असत. फोनवर आधी एक कोड आला. मग लगेच फोन वाजला. नंबर त्या शाखेचा. मी बाहेर व्हरांड्यात आले आणि उचलला.

कुणी नवे अधिकारी होते, आवाज चांगला होता. म्हणाले, हिराबाई माझ्यासमोर बसल्यात. नातीच्या ॲडमिशनची आज शेवटची तारीख आहे आणि खातं केवायसीसाठी अडलंय. आधार कार्ड मुलाकडे, ते त्या आणू शकत नाहीत. पत्ता बदललेला नाही, त्यामुळे नोंदवलेल्या नंबरावर गेलेला कोड मिळाला तरी माझं काम होईल. त्या म्हणतात, हा नंबर त्यांच्या ओळखीच्या मुलीचा आहे. तेवढा कोड सांगता का?

मागे तिचा आवाज येत होता. "तिला सांग, हिराबाय हाय. लगेच देईल ती."

कोड माझ्या स्क्रीनवर होता.

मी म्हटलं, "कोण हिराबाई? मी नाही ओळखत. राँग नंबर."

ते म्हणाले, सॉरी मॅडम. आणि मी फोन ठेवला.

कोड कुणालाही सांगू नये, असं मी स्वतः दिवसातून दहांदा ग्राहकांना सांगते. मनात ती पळवाटही करून पाहिली. चालली नाही. तो माणूस खरा आहे हे मला कळलं होतं, ती तिथे आहे हे मी कानाने ऐकलं होतं. नियम पाळायचा म्हणून मी नाही म्हटलं नाही. माझी नवी नोकरी, पेढे, सगळ्यांबरोबर डबा खायची जागा — हे सगळं जाईल म्हणून म्हटलं. मग आत गेले. कुणीतरी विचारलं, कोणाचा फोन? मी म्हटलं, क्रेडिट कार्डवाले. सगळे हसले, आणि मी लोणचं वाढून घेतलं.

थोड्या दिवसांनी मेसेज आला की खात्यातली सगळी रक्कम काढली. आणि मग आणखी एक, खात्याचा मोबाईल नंबर बदलण्यात आला आहे. त्यानंतर काही नाही. मी स्वतःची समजूत घातली — मिळाले, म्हणजे दर्शनाची ॲडमिशन झाली असणार, तारीख वाढवून देतात कॉलेजवाले. दुपारी फोन वाजेनासा झाला तेव्हा मला करमत नसे. कमाल बघा, आठवण येत होती ती मला, आणि मी स्वतःचीच कीव करत होते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाखेची सहल मुरुडला निघाली. मी ताप आल्याचं सोंग करणार होते, पण जमलं नाही. लॉजवाल्याने सांगितलं, मासे तुम्ही आणा, आम्ही करून देऊ. म्हणून चौघीजणी बाजारात गेलो. मी मागे मागे चालत होते. आणि तिने मला लांबूनच ओळखलं.

"आगो, ही बघ कोण आली!"

ती उठून आली, ओले हात पदराला पुसले, माझ्या गालावरून फिरवले. माझ्या मैत्रिणी जरा मागे सरकल्या. तिच्या बाजूला एक मुलगी विळीवर सुरमई कापत होती. हिराबाई म्हणाली, "ही दर्शना."

तिने सगळं उभ्या उभ्या सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. मुलाकडे आधार मागावं लागलं, त्याने का म्हणून विचारलं, कळलं. इंजिन बंदच पडलं होतं, पैसे त्यात गेले, त्याचं तरी काय चुकलं? पुढच्या वर्षी बघू म्हटलं होतं, पण पुढच्या वर्षी ते दर्शनाच्याच मनातून उतरलं. आता ती इथेच बसते. हात चांगला आहे तिचा.

मग हिराबाई हसली आणि माझ्या मैत्रिणींकडे बघत म्हणाली, "त्या बँकेच्या सायबासंगती मी भांडले हिच्यापायी. त्यानी फोन लावला, मोठ्या आवाजात ठेवला. कोन बाय बोलली, हिराबायला वलखत नाय म्हनून. सायेब बोलला, मावशी, तुमी दिलेलाच नंबर हाय. मी बोलले, नाय. मी आवाज ऐकला ना. ह्यो आमच्या पोरीचा आवाजच नाय. तुजं काय तरी चुकलंय. त्ये लिव्हलेलं तपास." ती माझ्याकडे वळली. "तुजा नव्हता ना गो?"

दर्शनाने कापणं थांबवलं होतं. ती त्या दिवशी आजीबरोबर बँकेत होती, हे मला तिच्याकडे बघताच कळलं. तिने माझं आतापर्यंतचं बोलणं ऐकलं होतं — कशी आहेस मावशी, किती दिवसांनी, हो मी आता पनवेललाच. ती माझ्याकडे बघत राहिली.

सगळं सांगायला तिथे मला जागा होती. माणसं होती, वेळ होता, नोकरी पक्की झाली होती. हिराबाईने मला काहीही केलं नसतं.

मी म्हटलं, "नाही मावशी. माझा नव्हता."

"बोलले ना मी!" हिराबाई दर्शनाला म्हणाली.

दर्शनाने मान खाली घातली आणि पुन्हा कापायला लागली. सुरमईचे तुकडे पिशवीत भरून तिने माझ्या हातात दिले. हिराबाईने पैसे घेतले नाहीत.